गार इंजिन, भरलेला तांब्या

आजही कुणी गाडी आणून उभी केली की माझा हात आधी बोनेटवर जातो. इथं कोइमतूरच्या गॅरेजात पोरं हसतात. त्यांना वाटतं, हा गाडीच्या पाया पडतो. त्यांची भाषा मला अजून धड येत नाही, म्हणून मी नुसती मान हलवतो आणि बोनेट गरम आहे का गार, तेवढं बघून घेतो. ही सवय माझी नाही. लातुरात दालमिलच्या मागच्या गल्लीत ज्यांच्या घरी मी सात वर्षं भाड्यानं राहिलो, त्यांची आहे.

त्यांना सगळे ड्रायव्हरमामा म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली निम्मी लातूर-बिलोली या एकाच गाडीवर. माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहायची नाहीत. ते माणसाला त्याच्या गावानं हाक मारायचे, तेही गाव त्यांच्या रूटवरचं असलं तरच. मी बिलोलीच्या पुढच्या एका खेड्यातला, म्हणून मी 'बिलोली'. शेजारचा शिंपी 'लोहा'. मामी चाकूरच्या, म्हणून त्या 'चाकूर'.

"चाकूर, चहा टाक गं."

"चाकूरला आता बस थांबत न्हाई," मामी आतून म्हणायच्या, आणि चहा टाकायच्या.

ज्याचं गाव रूटवर नव्हतं तो 'पाव्हणं'. मग तो दहा वर्षं शेजारी राहत असला तरी पाव्हणंच.

मी नववीत शाळा सोडली. गणितात अडकलो, आणि घरात कुणी परत जा म्हणालं नाही. चोविसाव्या वर्षी लातुरात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठकडं लागलो. गाड्या पुसायच्या, पॉलिश करायच्या, गिऱ्हाइकाला दार उघडून दाखवायचं. चालवता येत नव्हती. चालवता आली तर पगारी माणूस, नाहीतर फडकेवाला, असा तिथला हिशोब होता. पण लायसनसाठी फॉर्म भरायचा, परीक्षा द्यायची, साहेबासमोर उभं राहायचं, या विचारानंच मला घाम फुटायचा. शिकलेल्या माणसासमोर माझी जीभ आजही टाळूला चिकटते.

मामांनी मला फॉर्म भरायला लावला. एक अक्षर स्वतः लिहिलं नाही. शेजारी बसून राहिले. "रस्त्याला दाखला लागत न्हाई, बिलोली," म्हणाले. "रस्ता कुणाची नववी-दहावी विचारत न्हाई." मग मित्राची जुनी गाडी मागून आणली, गल्लीबाहेरच्या मोकळ्या जागेत विटा मांडल्या, आणि दोन सीटांच्या मधे पितळेचा एक तांब्या ठेवला. काठोकाठ भरलेला.

"पाणी सांडलं न्हाई पाहिजे."

एवढंच त्यांचं शिकवणं. क्लच कसा सोडायचा, ब्रेक कधी दाबायचा, काही सांगितलं नाही. पाणी सांडलं की उतरून पुन्हा भरून आणायचा. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा नळावर गेलो. मामी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अवं, त्यापरीस त्याला झाडं तर लावून द्या. जगतील तरी." तीन महिन्यांनी मी त्या विटांतून गाडी मागं घेतली आणि तांब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. मामा तांब्या उचलून त्यातलं पाणी प्यायले. ती माझी परीक्षा. नंतरची साहेबासमोरची परीक्षा मला नीट आठवत पण नाही.

या उपकाराची फेड मी कशी केली, तेच सांगायचं आहे.

मामांना गाडी घ्यायची होती. रिटायर झाल्यापासून घ्यायची होती. गाडी कशी, ते ठरलेलं: छोटी, मागं डिकीचं दार असलेली, बसायला चार दारं, पण अंगात इंजिन दांडगं. आमच्या शेठच्या भाषेत 'टर्बोवाली'. वर्षाकाठी दोन-तीन यायच्या. कुणा डॉक्टरनं, कुणा क्लासवाल्या सरांनी हौसेनं घेतलेल्या आणि बायकोनं विकायला लावलेल्या.

"तीस वर्षं माझ्या पायाखाली कुलूप होतं," मामा म्हणायचे. एसटीला वेगाचं कुलूप असतं. कितीही दाबा, गाडी ठरल्या आकड्याच्या पुढं जात नाही. "मागं पन्नास माणसं झोपलेली. त्यांची झोप मोडू द्यायची न्हाई. झालं की आता. माझ्या मागं कोण झोपून राहिलंय?"

"मी," मामी म्हणायच्या. "मला गुडघ्याचं दुखणं हाय. चार दारं न्हाईत तर मी बसणारच न्हाई तुमच्या त्या उडत्या गाडीत."

म्हणून चार दारं. म्हणून काठी. मामींना खुर्चीवर बसवून मामांनी त्यांच्या पाठीपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि तेवढी बाभळीची काठी तोडली. तिचं नावसुद्धा 'चाकूर'. गाडी बघायला जाताना काठी बगलेत, तांब्या पिशवीत. पुढची सीट मागं सारायची आणि मागं काठी आडवी लावून बघायची. काठी अडली की गाडी गेली. डिकीत तुरीच्या डाळीचं एक पोतं मावलं पाहिजे. त्यासाठी मिलमधून बारदान आणून त्यात चिंध्या कोंबून ठेवलेल्या. पोतं मी वाहायचो.

सगळ्यात आधी मात्र बोनेट. मामांचे वडील बैलांचे पारखी. लोक बाजारात त्यांना सोबत न्यायचे. ते म्हणे बाजारात बैल बघायचेच नाहीत. पहाटे विकणाऱ्याच्या गोठ्यात जाऊन बसायचे. बसलेला बैल गार अंगानं उठतो कसा, पहिली चार पावलं टाकतो कशी, ते बघून परत यायचे. "चालवून गरम केलेला समदाच बैल देखणा," मामा सांगायचे. "खोट असती ती गार असताना दिसती." मामा गाडीवर तळवा ठेवायचे. गरम लागली तर शेठला राम राम करून सरळ चालू पडायचे. विकणारे इंजिन आधी चालू करून ठेवतात, म्हणजे सकाळचा खोकला झाकला जातो. मला हे माहीत होतं. मीच करून ठेवायचो. शेठचा हुकूम असायचा. मामा येणार त्या दिवशी मात्र मी किल्लीला हात लावायचो नाही.

आणि सगळ्यात शेवटची परीक्षा हसण्याची. "तिसऱ्या गिअरात दाबली की गाडी हासली पाहिजे," ते म्हणायचे. काही गाड्या रडतात, काही शिव्या देतात. हसणारी त्यांना चार वर्षांत एकही भेटली नव्हती.

"मामा," शेठ म्हणायचा, "गाडी बघून राहिलात का पोरगी?"

"पोरगी बघाया एवढा टाइम घेतला असता तर चाकूर घरात आली असती का?"

हे मामींपर्यंत पोचलं. दोन दिवस चहा बिनसाखरेचा होता.

लोक हसायचे, मीही हसायचो. मला वाटायचं, घ्यायची नाहीच. बघण्यातच त्यांची करमणूक आहे. लाल गाडी आली त्या सकाळी कळलं, तसं नव्हतं.

लाल गाडी गार होती. काठी बसली, पोतं मावलं. मामा चाकावर बसले, मी डावीकडं, मधे तांब्या. बार्शी रोडला लागलो. काय सांगू, त्यांचे हात चाकावर असे होते की मला माझ्या हातांची लाज वाटली. पाणी आरशासारखं. मग डावीकडच्या गल्लीतून मोटरसायकलवर एक दूधवाला आला. चांगला लांबून दिसत होता. मी वाट बघत होतो की मामा आता हळू करतील, आता करतील.

"मामा, डावीकडं!"

ब्रेक करकचून लागला. डावा आरसा दुधाच्या कॅनला घासून तुटला, कॅन आडवा झाला, तांब्या उलटला. दूधवाला पडला नाही, पण रस्ता पांढरा झाला.

"काय हो आजोबा," तो ओरडला, "डोळे घरी ठेवून आलात का?"

राग आला की कुणीही म्हणतं तसं तो म्हणाला. मामांनी मात्र त्याला खरंच उत्तर दिलं. "हाव," म्हणाले.

त्यांची पँट मांडीपासून भिजली होती. गाडी बाजूला लावून ते बराच वेळ चाक धरून बसले. मग म्हणाले, "बिलोली, डावीकडं काही न्हाईच. काळी भिंत हाय नुसती. उजवीकडं बी येऊन राहिली."

काचबिंदू होता. एसटीनं शेवटची दोन वर्षं त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं, ते लोकांना सांगायचे तसं पाठदुखीमुळं नव्हे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडेचं आधी जाईल, मधलं शेवटी. थेंब टाकत राहा, दिवाळीनंतरचं सांगता येत नाही. गल्लीत हे फक्त मामींना माहीत होतं. आणि ते माहीत असूनही त्या गुडघ्याचं माप देत होत्या, पोत्यात चिंध्या भरत होत्या.

शेठला मी सांगितलं, आरसा माझ्या हातनं तुटला. तेवढं तरी करता आलं, म्हणून मला जरा हलकं वाटलं. पण मामा काठी बगलेत धरून मागोमाग आत आले. "त्याचं ऐकू नका. मीच फोडला. मला दिसत न्हाई." सगळ्या पोरांसमोर म्हणाले. त्या दिवसापासून मामांना चाकाला हात लावू द्यायचा नाही, असं ठरलं.

मला वाटलं, आता ते यायचं सोडतील. आठव्या दिवशी आले. मी पुसत होतो त्या गाडीवर तळवा ठेवला.

"आता कशाला, मामा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"चालवणार तू. मी पुढं बसून बघणार, चाकूर मागं. दिसतंय तवर घ्यायची, बिलोली. नंतर घेतली तर रंग तू सांगशील तोच खरा."

निळी गाडी दसऱ्याच्या आधी आली. नायगावच्या एका खतदुकानदाराच्या मुलाला ती दाखवायला न्यायची होती. शेठ म्हणाला, "मामांना घेऊन जा. वाटेत त्यांनी हाव म्हटलं तर गाडी त्यांची, मी नायगावला फोन करतो. न्हाई म्हटलं तर पोरगं बघून घेईल." खरं तर शेठला इतकं मन असेल असं मला वाटलं नव्हतं. "पण ओरखडा आला तर तू मला तोंड दाखवू नको," हेही म्हणाला. माझ्या कानात तेवढंच राहिलं.

गाडी गार होती. काठी बसली. पोतं मावलं. दार बंद केलं तर पेटीचं झाकण लावल्यासारखा आवाज आला. मामांनी दोन्ही हातांनी ती सगळी चाचपून पाहिली, चेहरा अगदी जवळ नेऊन रंग पाहिला. "मोरपिशी म्हण की," म्हणाले. राहिलं होतं ते फक्त हसणं.

तांब्या मधे ठेवून मी निघालो. त्यांचाच रूट. डोळे मिटून ते एकेक सांगत होते: आता चाकूर; आता डावीकडं वडाचं झाड होतं, रस्ता मोठा करताना पाडलं; आता शिरूर ताजबंद, इथं एकजण रोज हात करायचा आणि चढायचा नाही. अहमदपूर मागं पडलं. पुढं रस्ता सरळ, रिकामा, सिमेंटचा. त्यांनी काच खाली केली, तांब्या उचलला आणि सगळं पाणी बाहेर ओतून दिलं.

"आता पाणी न्हाई," ते म्हणाले. "तिसरा टाक. दाब."

मी तिसरा टाकला. दाबला. गाडीनं पुढं झेप घेतली तसा माझा पाय आपोआप वर आला.

"पुन्हा."

पुन्हा दाबला. लांब कुठं तरी एक ट्रक होता. लई लांब होता. माझ्या डोळ्यासमोर शेठ, तुटलेला आरसा, पांढरा रस्ता, आणि मी परत फडकं घेऊन उभा. पाय वर.

तिसऱ्यांदा ते काही म्हणाले नाहीत. रिकामा तांब्या मांडीवर धरून, मान थोडी माझ्याकडं कलवून बसून राहिले. पंधरा-वीस मैल त्यांनी तशी वाट पाहिली. आणि मी, ज्याला त्यांनी चालवायला शिकवलं, तो रिकामा तांब्या भरलेला असल्यासारखी गाडी चालवत राहिलो. लोहा आलं. नांदेड आलं. मामा म्हणाले, "चांगली हाय. पण हासत न्हाई. असू दे."

'मामा, ती हासती, मीच भितो,' एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. नांदेड ते नायगाव मी ते तोंडात घोळवत होतो.

नायगावला खतदुकानाच्या ओट्यावर आम्हाला पाणी दिलं. मुलगा विशी-बाविशीचा, पायात चप्पल. त्यानं बोनेटला हात लावला नाही, दार वाजवून पाहिलं नाही. "एक चक्कर मारून येतो," म्हणाला आणि नरसीच्या रस्त्याला लागला. आम्ही ओट्यावर बसलो. बाजाराचा दिवस नव्हता; रस्ता शांत होता. मग लांबून, दोनेक मैलांवरून असेल, आवाज आला. आधी गुरगुर, मग ती चढत गेली आणि वर जाऊन फुटली. बारीक, मोकळी, खिदळल्यासारखी. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा.

मामांनी आवाजाकडं तोंड फिरवलं. अगदी नेमकं तिकडंच.

"हासती की रे," ते म्हणाले.

माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मी त्यांच्या डावीकडं, न दिसणाऱ्या बाजूला बसलो होतो; मी देवाचे आभार मानले.

मुलानं गाडी ठेवून घेतली. आम्ही एसटीनं परत आलो. मामा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, काठी आणि तांब्या मांडीवर, पायाशी चिंध्यांचं पोतं. कंडक्टरनं पोत्याचं तिकीट मागितलं. "त्यात काही न्हाई," मामा म्हणाले. रस्ताभर ते एकही गाव बोलले नाहीत.

दिवाळीनंतर त्यांना माझा चेहरा दिसेनासा झाला. पायांच्या आवाजावरून ओळखायचे. दोन वर्षांनी मी शेठची एक गाडी पोचवायला इकडं आलो, आणि गॅरेजवाल्यानं विचारलं म्हणून राहिलो. निघताना मामींनी तांब्या पिशवीत घातला. "घरात नुसता डोळ्यापुढं येतो," म्हणाल्या. "ह्यांच्या न्हाई, माझ्या."

परवा आमच्याकडं तशीच एक गाडी आली. छोटी, चार दारांची, दांडग्या इंजिनाची. ट्रायल मलाच घ्यायची होती. सकाळी सहाला मी लातूरला फोन लावला आणि मोबाइल बोनेटवर ठेवला.

"मामा, ऐका."

"कोणत्या रंगाची हाय?"

"मोरपिशी," मी म्हणालो. गाडी पांढरी होती.

चालू केली. एका झटक्यात, गुळगुळीत. मी फोन कानाला लावला.

"गरम केलीस," ते म्हणाले.

केली होती. पाच मिनिटं आधी. ती खोकली तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून. रंगाचं खोटं त्यांनी घेतलं, कारण ते बघणं आता माझ्या हाती होतं. आवाजाचं नाही घेतलं.

"उद्या लाव," म्हणाले. "आधी हात ठेवून बघ."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बोनेटवर हात ठेवला. दवानं भिजलेलं, दगडासारखं गार. मधे तांब्या ठेवला, नळावर जाऊन भरून आणलेला. का भरला, माहीत नाही. फोन शेजारच्या सीटवर, आवाज मोठा करून. गाडी खोकली, थरथरली, दोनदा बसली, मग उठली. शहराबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर मी दुसरा टाकला, तिसरा टाकला. पाय वर येत होता. मी दुसऱ्या हातानं माझा गुडघा खाली दाबून धरला. आवाज चढत गेला आणि वर जाऊन फुटला, नायगावला फुटला होता तसा.

मग गाडी बाजूला घेऊन थांबवली. फोन सीटखाली पडला होता. उचलला तर चालूच होता. मागं मामींच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"बिलोली," मामा म्हणाले, "पाणी सांडलं का?"

तांब्या आडवा होता. माझी पँट मांडीपासून भिजली होती.

"हाव मामा. समदं सांडलं."

मी त्यांच्या श्वासाकडं कान लावून बसलो.

"मग पुन्हा भर," म्हणाले, आणि फोन ठेवला.